आत्याचा अकरा फुटी बांबू

अख्ख्या उत्तर प्रदेशात बांबू घेऊन भाजी आणायला जाणारी एकच बाई आहे आणि ती नेमकी माझ्या बायकोची आत्या आहे. हे मी अभिमानाने सांगतो की कुरकुरत, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. इतर बायका पिशवी घेऊन निघतात. आत्या पिशवी खांद्याला अडकवते, दोन्ही हातांत अकरा फुटांचा बांबू सरळ उभा धरते आणि बाजाराच्या अगदी मधोमध चालायला लागते. बांबूच्या टोकाला लाल फडकं असतं. ते वर कुठे अडलं की आत्या थांबते. एखाद्या दुकानाची ताडपत्री असेल, केबलची लोंबती वायर असेल, कुणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा फलक असेल, तो अडथळा वर सरकेपर्यंत ती जागची हलत नाही. मागे ई-रिक्षांची रांग लागते, दुधाच्या कॅनवाले मोटारसायकलींचे हॉर्न दाबून धरतात, एखादी म्हैस कंटाळून बसून घेते. आत्या मान वळवून शांतपणे सांगते, "मैं नहीं अड़ी हूँ भैया, गाड़ी अड़ी है।" गाडी कुठली, हे तिथे लहानथोरांना पाठ आहे. आगीचा बंब. बांबूची उंची बंबाच्या उंचीइतकी आहे, वर शिडीसाठी चार बोटं सोडलेली आहेत. त्यामुळे आत्या कोथिंबीर आणायला निघते तेव्हा तिच्या मते बंबच बाजारात शिरत असतो आणि त्याला वाट देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य असतं.

मी रेल्वेत इंजिनिअर आहे आणि आम्ही शहरात, अलीगंजला राहतो. आत्या राहते बख्शी का तालाबच्याही पुढे अर्ध्या तासावर, एका कसब्यात. कसब्याचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथल्या नगर पंचायतीत मला अजून तोंड दाखवायचं आहे. आत्याचे यजमान, आमचे काका, हवाई दलात अग्निशमन विभागात होते. तीस वर्षं त्यांनी धावपट्टीशेजारी बंब तयार ठेवून आग लागायची वाट पाहिली आणि ती एकदाही लागली नाही, याचं त्यांना फार समाधान होतं. निवृत्तीनंतर साताऱ्याकडची सगळी मंडळी परत या म्हणत होती. काकांनी इथेच प्लॉट घेतला, कारण विमानांचा आवाज कानावर पडला नाही तर त्यांना दुपारची झोप लागत नसे. आत्या त्यांच्यावर वर्षभर चिडलेली होती. मग तिने दारात तुळस लावली आणि चिडणं थांबवलं. सहा वर्षांपूर्वी काका गेले, आरामखुर्चीत, विमानाचा आवाज येत असतानाच. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर "मम्मी, अब आ भी जाओ यार" म्हणतो. आत्या त्याला मराठीतून झाडते आणि तो हिंदीतून झाडून घेतो.

आता काकांचं सगळं खातं आत्याकडे आहे. तिच्या देवघराच्या एका बाजूला समई आणि दुसऱ्या बाजूला वाळूची बादली असते. ती वाळू चाळलेली असावी लागते, कारण ओली, खडे असलेली वाळू आगीवर नीट पसरत नाही. ही माहिती मला पंचवीस वर्षांपूर्वी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मिळाली. "जावईबापू, बसा, दमून आलात," असं म्हणत तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तांब्या खाली ठेवल्याबरोबर चाळण दिली. जावईबापू म्हणत म्हणत या बाईने माझ्याकडून जी कामं करून घेतली, ती साहेबाने ऑर्डर काढूनही करून घेतली नसती. एकदा तेलीबागला आमच्या नात्यातलं लग्न होतं. लोक मुलीचं रूप बघत होते, आत्या मांडवाला बाहेर पडायच्या वाटा किती आहेत ते बघत होती. मागची वाट रसगुल्ल्यांच्या टेबलाने अडवलेली निघाली. टेबल हलवेपर्यंत तिने अक्षता हातात घेतल्या नाहीत आणि मुलीची मोठी आत्याही तीच, ती अक्षता घेईना म्हणून भटजी पुढे जाईनात. अखेर वधूपित्याने स्वतः रसगुल्ल्यांचं पातेलं उचललं. मग तिने जोडप्याला भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिला, "सुखाने नांदा. आणि काम झालं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करत जा."

आमच्याकडे ती चार दिवस राहायला आली होती, तेव्हा इमारतीच्या जिन्याखाली सात स्कूटर होत्या. तिसऱ्या दिवशी एकही नव्हती. तिने कुणाशी भांडण केलं नाही. फक्त जिन्याच्या पहिल्या पायरीवर खुर्ची टाकून मटार सोलत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, घरात माणसं किती, म्हातारं कोण, जिन्याला आग लागली तर त्यांना कुठून काढणार, असं आपुलकीने विचारत राहिली. ती गेली आणि स्कूटर परत आल्या, हे खरं आहे. पण खालच्या मजल्यावरचे गृहस्थ अजूनही स्कूटर लावण्याआधी मला विचारतात, "आंटी तो नहीं आ रहीं न?"

पण बांबूची गोष्ट अशी गमतीची नाही. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत, भर दुपारी, बाजारातल्या रहमत चाचांच्या दुकानाला आग लागली. चाचा पिंजारी. कापूस पिंजून रजया भरायचे. थंडीचे दिवस, दुकान छतापर्यंत कापसाने भरलेलं. शहरातून बंब निघाला, बऱ्याच वेळाने का होईना पोचला, आणि बाजाराच्या तोंडाशी अडकला. वर ताडपत्र्या, वायरी, फलक. ड्रायव्हर उतरून ओरडत होता, लोक चाकूने दोर कापत होते. दुकान तिथून शंभर पावलांवर होतं. आत्या तेव्हा रस्त्यात उभी होती. ती सांगते, "पाण्याने भरलेली गाडी समोर उभी होती, जावईबापू, आणि आम्ही बालटीने पाणी नेत होतो." माणसं वाचली. चाचांचे दोन्ही हात भाजले आणि त्यानंतर त्यांना पिंजण धरता आली नाही. ते आता दुकानाच्या जागी स्टुलावर बसून फुगे विकतात. काकांनी कधीतरी टीव्हीच्या अँटेनासाठी आणलेला बांबू गच्चीवर पडलेला होता. आत्याने त्याच आठवड्यात बंबाची उंची विचारून घेतली आणि तो करवतीने कापला. मला धरायला लावून तिने पहिला धडा दिला, "सरळ धरायचा. जरा तिरका झाला की तो कशाखालूनही निघतो आणि आपल्याला वाटतं वाट मोकळी आहे."

दोर आणि वायरी तिने एकटीने वर सरकवल्या. पण सगळंच काही बांबूने सरकत नाही, काही गोष्टी नगर पंचायतीत अडकलेल्या असतात. तिथे दरवर्षी कामांची यादी लागते, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर. 'सार्वजनिक सुरक्षा' या मथळ्याखाली पहिल्या क्रमांकावर कॅमेरे होते. ते बसलेही, आणि त्यातले बहुतेक चेअरमनसाहेबांच्या घराकडे तोंड करून बसले, कारण तिथे वर्दळ जास्त असते असं कळलं. दुसऱ्या क्रमांकावर बाजाराच्या तोंडाशी भव्य स्वागतद्वार. स्वागतद्वाराने सुरक्षा कशी होते, असं आत्याने विचारल्यावर उत्तर मिळालं की दार असलं म्हणजे घर सुरक्षित असतं. चौथ्या क्रमांकावर बाजाराचा रस्ता, वर रंगीत फरशा. पुढे चौकातला उंच दिवा, कारंजं, नावाचा दगड, असं करत करत एकोणिसाव्या क्रमांकावर 'अग्निशमन वाहन हेतु मार्ग व जल व्यवस्था'. त्याच्याखाली फक्त 'अन्य' होतं.

आत्या बैठकीला जाऊन मागच्या बाकावर बसायला लागली. तिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, पण काठी घेतलेल्या म्हातारीला उठवतात आणि बांबू घेतलेल्या म्हातारीला उठवत नाहीत. बैठकीची रीत तिच्या दोन खेपांत लक्षात आली. खुर्चीवर बसायच्या चेअरमनबाई. निवडून त्या आल्या होत्या, पण 'चेअरमनसाहेब' त्यांच्या यजमानांना म्हणत आणि बोलायचे तेच. बाई डोक्यावरचा पदर सावरून समोर सरकवलेल्या कागदावर सही करायच्या. यादीतला बारावा विषय आला की समोसे यायचे. समोशांनंतर चहा, चहानंतर सह्या, सह्यांनंतर सगळे आपापल्या मोटारसायकलींकडे. बारा आणि एकोणीस यांच्यामध्ये समोसे होते. तिसऱ्या खेपेला आत्या दारातच उभी राहिली. हलवायाकडून टोपली आली, तिने ती घेतली, बाकावर येऊन मांडीवर ठेवली आणि वरून पदर घेतला. "उन्नीस के बाद।" एवढंच म्हणाली. एरवी तासभर चालले असते असे मधले सहा विषय त्या दिवशी दहा मिनिटांत मंजूर झाले, कारण वास सगळ्यांना येत होता. एकोणिसाव्या विषयावर चेअरमनसाहेब हात जोडून म्हणाले, "आंटी जी, बिलकुल देखेंगे।" आत्याने टोपली दिली. घरी आल्यावर मला फोन करून म्हणाली, "देखेंगे म्हणजे पुढच्या साली. पण कागदावर आला एकोणीस. याआधी कधी कुणी उच्चारला नव्हता."

मग स्वागतद्वाराचं काम निघालं. खांबांचे खड्डे खणले गेले, कमानीची खालची कड जिथे येणार तिथे दोरी बांधली गेली. बाजाराला आत जायची तेवढीच एक वाट. तिच्यावर कायमची दगडी कमान. ताडपत्री सरकवता येते, दोर कापता येतो, कमानीचं काय करणार. तिने मला बोलावलं. "जावईबापू, तुमच्या रेल्वेच्या फाटकाआधी ती लोखंडी आडवी पट्टी कशाला असते?" मी सांगितलं की उंच गाडी वरच्या विजेच्या तारांपर्यंत जाऊ नये, आधीच अडावी, म्हणून. "म्हणजे उंच गाडी अडवायला लोक मुद्दाम कमान बांधतात. आमच्याकडे उंच गाडी एकच येते." तिचं म्हणणं होतं की इंजिनिअर म्हणून मी लेखी द्यावं. लेखी म्हटल्यावर माझ्यातला सरकारी नोकर जागा झाला. माझं खातं वेगळं, तिथलं खातं वेगळं, परवानगी लागेल, असं मी बरंच काही बोललो. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अच्छा. लिहू नका. नुसते या."

एका मंगळवारी सगळ्यांसमोर परीक्षा ठरली. चेअरमनसाहेब हुशार गृहस्थ. त्यांनीच ठरवली. अर्धा बाजार जमला, चाचा फुगे घेऊन पुढे येऊन उभे राहिले. आत्याचा गुडघा त्या दिवशी दुखत होता, म्हणून बांबू माझ्या हातात आला. मी तो सरळ धरला, शपथेवर सांगतो, अगदी सरळ धरला आणि दोरीखालून चालत गेलो. लाल फडक्याच्या वर चार बोटं जागा राहिली. "निकल गया!" असा एकच गलका झाला. चेअरमनसाहेब माझ्याजवळ आले आणि आवाज चढवून म्हणाले, "आप तो रेलवे के इंजीनियर हैं। आप ही बता दीजिए सबको, गाड़ी निकल जाएगी कि नहीं?" शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. आत्याही बघत होती. डोळ्यांसमोर जागा दिसत होती आणि मला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "हाँ, निकल जाएगी।" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. हार घातलेला मी आणि माझ्या हातात आत्याचा बांबू, असा फोटोही निघाला. तो नगर पंचायतीच्या भिंतीवर बराच काळ होता आणि तिथून तो निघावा म्हणून मी कुणाला काय काय बोललो, ते इथे सांगत नाही.

घराच्या दारात पोचल्यावर आत्याने माझ्या हातातून बांबू घेतला आणि म्हणाली, "चहा घेऊन जा, इंजिनिअरसाहेब." पंचवीस वर्षांचा जावईबापू त्या एका वाक्यात गेला. पुढचे दोन आठवडे फोनवर मी इंजिनिअरसाहेबच होतो. बायकोला ती विचारायची, "इंजिनिअरसाहेब जेवले का?" बायको हसायची. मला हसू येत नव्हतं, कारण मी खोटं बोललो नव्हतो आणि तरी काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते मला सापडत नव्हतं.

ते तिला सापडलं. एका रविवारी सकाळी फोन आला. "इंजिनिअरसाहेब, सुट्टी असेल तर या. मोजपट्टी आणा." मी गेलो तर ती उंबऱ्यावर बसली होती आणि मांडीवर काकांचा एक जुना फोटो होता. घर बांधून झालं त्या वर्षीचा. काका सर्वांत खालच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधताहेत, त्यांच्या मागे आणखी दोन पायऱ्या, त्यावर उंबरा, उंबऱ्यात आत्या, चिडलेली. "किती पायऱ्या?" तिने विचारलं. मी म्हणालो, तीन. "आता मोजा." मी खाली पाहिलं. उंबऱ्यासमोर सरळ रस्ता होता. एकही पायरी नव्हती. दर खेपेला जुन्या रस्त्यावर नवा थर पडत गेला होता आणि तीन पायऱ्या एकेक करून खाली गेल्या होत्या. हे त्या कसब्यात प्रत्येकाच्या दारात घडलेलं होतं आणि इतकं हळूहळू घडलं होतं की कुणाला घडलंसं वाटलंच नव्हतं. "तुम्ही बांबू कशावरून मोजलात?" आत्या म्हणाली. मी म्हणालो, रस्त्यावरून. "आणि यादीत गेट दुसरं आहे. रस्ता चौथा."

मी उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसलो. आधी कमान बांधणार, मग तिच्याखालून रस्ता वर आणणार, त्याच्यावर फरशा घालणार. माझी चार बोटं जागा पहिल्याच वर्षी संपणार होती. बंब पुन्हा शंभर पावलं अलीकडे उभा राहणार होता, पाण्याने भरलेला, आणि या वेळी ती कमान मी पास करून ठेवली होती. रेल्वेत रुळाखाली खडी वाढली की वरच्या पुलाची उंची पुन्हा मोजायची असते, हे मी नव्या पोरांना शिकवतो. बाजारात उभा राहिलो आणि विसरलो. मला फार लाज वाटली. आत्याने फोटो पदराने पुसला.

पुढच्या बैठकीला आम्ही दोघं गेलो. मी रजा टाकली होती. आत्याने फोटो नेला, मी मोजपट्टी नेली, आणि बांबू अर्थातच होता. यादीतला दुसरा विषय निघाला तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मैंने उस दिन ग़लत बताया था।" चेअरमनसाहेब अतिशय गोड हसले. "इंजीनियर साहब, माला पहन के सही और माला उतार के ग़लत?" सभासद हसले. मी थर, फरशा, उंची असं सगळं समजावून सांगत होतो आणि कुणाला ते ऐकायचं नव्हतं. "जब होगा तब देख लेंगे," असा आवाज आला. तेव्हा आत्या उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही पाहिलं नाही. ती सरळ खुर्चीकडे गेली आणि तिथे पदर सावरून बसलेल्या बाईंसमोर फोटो ठेवला. "बिटिया, देखो। ये हमारे साहब बैठे हैं। जिस सीढ़ी पर बैठे हैं, वो अब सड़क के नीचे है।"

चेअरमनबाईंनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला. मग त्या बोलल्या. मी त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला वाटतं बऱ्याच सभासदांनीही. "हमारे यहाँ पाँच थीं," त्या म्हणाल्या. "ब्याह के आए थे तो अम्मा जी ने चौथी पर खड़ा करके आरती उतारी थी। अब एक है।" त्या थोडा वेळ बोटाने फोटोतल्या पायऱ्या मोजत राहिल्या. "रहमत चाचा के दिन हम छत पर थे। गाड़ी दिख रही थी।" चेअरमनसाहेब काही म्हणायला गेले. बाईंनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "गेट तीन फुट और ऊँचा बनेगा। लिखिए।" साहेब म्हणाले, "पर डिज़ाइन तो पास हो चुका है।" तेवढ्यात दारातून समोशांची टोपली आली. बाई म्हणाल्या, "आप समोसा खा लीजिए। डिज़ाइन हम देख लेंगे।"

दार तीन फुटांनी उंच झालं. खरं सांगायचं तर ते फार वाईट दिसतं. कमान आणि घुमट आधीच घडवून आलेले होते, म्हणून फक्त पाय लांबवले. वाढत्या वयातल्या पोराच्या आखूड पँटसारखं ते दिसतं. लोक त्याला 'लंबा गेट' म्हणतात आणि परगावचे थांबून हसतात. आत्याला हसलेलं खपत नाही. "सुंदर आहे," ती ठणकावते, "मला आवडतं." उद्घाटनाला चेअरमनबाईंनी शहरातून बंब मागवला, नुसता आत आणून दाखवायला. पुढे आत्या बांबू घेऊन, मागे पहिल्या गिअरमध्ये तो प्रचंड लाल बंब, आणि त्याच्या मागे सगळा कसबा. कुठे काही अडलं नाही. रहमत चाचांच्या स्टुलासमोर बंब थांबला. चाचा उठले, त्यांनी आपल्या त्या आकसलेल्या हातांनी एक फुगा ड्रायव्हरच्या आरशाला बांधायचा प्रयत्न केला, तो जमेना, म्हणून आत्याने बांधला. परत घराशी आल्यावर ती म्हणाली, "जावईबापू, चहा टाकते." मी काही न झाल्यासारखं दाखवलं, पण दोन कप प्यालो.

यादीत अग्निशमन आता सातव्या क्रमांकावर आहे. आत्याला ते अजिबात पुरेसं वाटत नाही. सातच्या वर कारंजं आहे आणि कारंज्याच्या पाण्याला ती नळ जोडून मागतेय, तेवढ्यावर सध्या युद्ध चालू आहे. पाण्याची टाकी झाल्याशिवाय ती पुण्याला जाणार नाही, हे मुलाला तिने तीनदा सांगून झालं आहे. परवा मी गेलो होतो. नवा रस्ता झालाय, फरशाही बसल्यात. आता आत्याच्या घरात जायचं तर एक पायरी खाली उतरावं लागतं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तिने उंबऱ्यापाशी वाळूची पोती लावली आहेत, चाळलेल्या वाळूची. आम्ही बाजाराला निघालो. त्या 'लंबा गेट'कडे बघत ती चालता चालता सहज म्हणाली, "दर निवडणुकीच्या आधी एक थर. अर्धा फूट धरला तर गेट अजून पाच-सहा निवडणुका पुरेल." मग जरा थांबून म्हणाली, "मी काही तेवढी पुरत नाही."

त्याआधी दारातून निघताना मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती तिला विचारायची राहिली होती. घराबाहेर पडल्यावर ती सरळ रस्त्यावर येत नाही. उंबऱ्यासमोरची हातभर जागा सोडून कडेने वळसा घालते, दुखऱ्या गुडघ्याने. परत येताना तिथेच पुन्हा तसाच वळसा तिने घातला, तेव्हा मी विचारलं की इथे फरशी हलते का. "छे, फरशी पक्की आहे," ती म्हणाली. "खाली त्यांची पायरी आहे. बुटाची नाडी बांधत बसायचे ना." एवढं बोलून तिने भाजीची पिशवी आत ठेवली आणि ती पुन्हा बाहेर आली, कारण कोथिंबीर राहिली होती. बांबू उचलून तिने फडक्याची गाठ घट्ट केली. तिने तो माझ्याकडे दिला. "धरा जावईबापू. सरळ." मी दोन्ही हातांनी धरला, मान वर करून लाल फडकं पाहिलं, आणि ती हातभर जागा सोडून कडेने निघालो.